हात राखून नाताळ: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

डिसेंबर जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी सासूशी पटत नाही, मुलगा अभ्यास करत नाही असलं काहीबाही असतं, आता मात्र सगळीकडे एकच रडगाणं, पैसे कमी आहेत आणि नाताळ तर करायचाच आहे. त्यातली सहा पत्रं निवडलीत. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती ती आधीच सांगून टाकते, यातला निम्माशिम्मा खर्च कुणी हौसेने करत नाहीये, संकोचापायी करतंय. "यंदा एवढं जमणार नाही" हे चार शब्द ज्यांच्या तोंडून नोव्हेंबरात निघत नाहीत त्यांचं बजेट 20 डिसेंबरला कोसळतं, आणि मग मला पत्र येतं. असो. घ्या.

ताई, मध्यंतरी माझी नोकरी गेली, नवीन लागलीय पण पगार बराच कमी. मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 6 ची. दोघांनी सांताला लिहिलेल्या चिठ्ठ्या फ्रिजवर लावल्यात, मुलाच्या चिठ्ठीत सायकल, व्हिडिओ गेम आणि कुत्रा आहे. बायको म्हणते पोरांना काही कळू द्यायचं नाही, उसने घेऊ पण करू. काय करू? (दोन पोरांचा बाबा)

आधी कुत्र्याचा निकाल लावू. कुत्रा नाही. त्याचं खाणं, लसी, डॉक्टर हे सगळं पुढची दहा-बारा वर्षं चालणार, त्याला नाताळचं गिफ्ट म्हणून बघूच नका.

आता "कळू द्यायचं नाही" याबद्दल. अहो, त्यांना कळलंय. 9 वर्षांच्या पोराला बाबा मधे काही दिवस घरी होता हे दिसत नाही का, तुम्ही दोघं स्वयंपाकघरात दार लोटून बोलता तेही त्याने ऐकलंय, फक्त नेमकं काय ते माहीत नसल्यामुळे त्याच्या डोक्यात त्याहून भयंकर काहीतरी शिजत असणार. त्याला बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगा, की आपल्याकडे यंदा पैसे कमी आहेत, घर नीट चाललंय, घाबरायचं काही नाही, पण गिफ्ट एकच मिळेल आणि ते कोणतं ते तू ठरव. धाकटीला एवढंही नको, तिला "चिठ्ठीतलं सगळ्यात आवडतं एक सांग" म्हटलं की झालं. हे आज-उद्यात करा. 24 च्या रात्री सांगितलेलं खरं मुलांना फसवणूक वाटते, महिनाभर आधी सांगितलेलं मात्र ती पचवतात, आणि वर स्वतःच हिशेब करायला लागतात.

सायकल एक नंबरला आली तर जुनी बघा, त्यात कमीपणा काही नाही. बघायला जाताना मुलाच्या उंचीचं माप घेऊन जा, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिलं तर दोन्ही पावलं जमिनीला टेकली पाहिजेत. टायरच्या कडांना भेगा आहेत का बघा, मागचं चाक उचलून पेडल फिरवा, चेन अडखळते का कळेल, दोन्ही ब्रेक दाबून पुढे ढकलून बघा. मग घरी आणून धुवायची, चेनला तेल द्यायचं आणि एक नवी कोरी घंटी बसवायची. घंटी नवीन असली ना की 9 वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने सायकल नवीन असते, हे मी दोनदा बघितलंय.

आणि ही सायकल सांताने आणली असं सांगू नका बरं का. मोठं गिफ्ट आईबाबांच्या नावावर, सांताच्या नावावर छोटंसं काहीतरी. कारण सुट्टीनंतर शाळेत पोरं एकमेकांना विचारतात, आणि शेजारच्या बाकावरच्याला सांताने एक वही दिलेली असते. त्या बाकावरच्या पोराने काय समजायचं? आपणच वाईट वागलो म्हणून? पुढच्या वर्षी परिस्थिती उलटी असेल तर तुमचाच मुलगा त्या बाकावर असेल.

उसने घ्यायचं म्हणाल तर माझं मत नको असंच आहे. तुम्ही आणि वहिनी मिळून आधी एक आकडा ठरवा, एकूण एवढेच, मग तेवढी कॅश काढून पाकिटं करा, गिफ्ट, खाणंपिणं, सजावट, जाणं-येणं, चर्चमधलं दान. आणि एक सहावं पाकीट "विसरलेलं" असं नाव घालून. त्यात काय येतं सांगू? गिफ्ट पेपर, चिकटपट्टी, ऐनवेळी टपकलेली आत्या, आणि खेळण्यातले सेल. खेळण्याच्या खोक्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सेल सोबत नाहीत, आणि ते आपण 25 ला सकाळी सात वाजता वाचतो.

आमच्या सासरी मोठी माणसंच 14. प्रत्येकाने प्रत्येकाला गिफ्ट द्यायचं अशी पद्धत पडलीय. मला आणि ह्यांना दरवर्षी जड जातं, पण थोरल्या जाऊबाईंसमोर विषय काढायची हिंमत होत नाही, त्यांना वाटेल आम्ही चिकट. (धाकटी जाऊ)

अगं, आधी हा आकडा बघ. 14 जण, प्रत्येक जण बाकीच्या 13 जणांना देणार, म्हणजे 182 गिफ्ट! एका हॉलमध्ये. 182 वेळा कागद फाडायचा आणि 182 वेळा "अय्या कित्ती छान" म्हणायचं. नवरा-बायको मिळून एकच देत असाल तर थोडं कमी होईल, पण तरी दुकानच झालं की.

आणि गंमत म्हणजे इतकं करून घेणाऱ्याला ते तेवढ्या किमतीचं वाटतही नाही. जोएल वाल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1993 मध्ये यावर चक्क एक पेपर लिहिला होता, आपल्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्हाला नाताळला मिळालेल्या वस्तूंसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते, आणि त्याचा हिशेब असा निघाला की दिलेल्या किमतीतला दहावा हिस्सा ते एक तृतीयांश असा भाग हवेतच जातो. त्यातही लांबच्या नातेवाइकांनी दिलेल्या वस्तूंचं नुकसान जास्त, मित्रांनी दिलेल्यांचं कमी. का ते तुला नि मला कळतं, मावससासूला आपला साइज कुठे माहीत असतो. पेपरमध्ये माया-बिया मोजत नाहीत हे खरं, पण तुझ्या कपाटातल्या न वापरलेल्या चार फोटोफ्रेमा आठव आणि मग बोल.

तर चिठ्ठ्या टाका, म्हणजे सीक्रेट सांता. 182 चे 14 होतात. पण थेट फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस, तिथे पहिला रिप्लाय यायला उशीर झाला की सगळे गप्प बसतात आणि आपलं तोंड पडतं. आधी जाऊबाईंना फोन कर. एकटीला. "वहिनी, यंदा आम्हाला एवढं जमणार नाहीये, तर चिठ्ठ्या टाकल्या तर चालेल का, तुम्हाला काय वाटतं?" बस. पैज लावते, सुटल्यासारखं त्यांनाच जास्त वाटेल, 14 जणांची खरेदी करून त्यांचेही पाय दुखत असणार, फक्त थोरलेपणामुळे त्यांनाही बोलता येत नव्हतं. आणि मग मेसेज त्यांनाच टाकू दे, असा काहीतरी: "यंदा मोठ्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या, एकाने एकालाच द्यायचं, ठरलेल्या रकमेच्या आत, लहान मुलांचं नेहमीसारखंच." श्रेय त्यांना, सुटका तुझी.

चिठ्ठ्यांचं एक गणित माहीत असू दे. भांड्यात नावं टाकून सगळ्यांनी एकेक उचलली तर निदान एकाला तरी स्वतःचंच नाव येण्याची शक्यता जवळजवळ 63 टक्के असते, आणि माणसं 6 असोत की 60, आकडा साधारण तोच राहतो, विचित्र आहे पण आहे. म्हणजे बहुतेक वेळा पहिली फेरी फुकट जाणार हे धरूनच चालायचं. आणि स्वतःचं नाव आलेल्याने नुसती बाजूच्याशी अदलाबदल केली तर गुपित तिथेच फुटतं, त्यामुळे सगळ्या चिठ्ठ्या परत भांड्यात टाकून पुन्हा पहिल्यापासून, दोन-तीन फेऱ्यांत जमतं. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी चिठ्ठ्या पालथ्या मांडून गोल करायचा आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्याला द्यायचं, पण मग तो गोल बघणारा एक माणूस बाहेरचा लागतो. शेजारचा एखादा शाळकरी मुलगा पकडा, त्याला केक द्या.

रकमेची वरची मर्यादा ठरवा आणि ती कडक पाळा. दरवर्षी एक जण असतोच, "अहो दिसलं आणि घेतलं" म्हणत दुप्पट महाग आणणारा, त्यामुळे त्याला ज्याने दिलं तो बिचारा कानकोंडा होतो. असल्याला त्या दिवशी सगळी भांडी घासायला लावायची, हे मेसेजमध्येच लिहून टाका.

घर दीड खोलीचं, दोस्तमंडळी बारा. दरवर्षी कुणाच्या तरी घरी मोठं जेवण असतं, यंदा माझी पाळी. एवढ्यांचं जेवण परवडणारं नाही, नाही म्हणायचं नाहीये. (पाळी आलेला)

जेवणाला बोलावूच नका. दुपारी चार ते साडेसहा बोलवा, आणि ही वेळ निमंत्रणातच लिहा, सुरुवातीचीही आणि संपायचीही. चारला आलेला माणूस जेवणाची अपेक्षा ठेवत नाही, त्याला काहीतरी गरम प्यायला, केक आणि एक-दोन तिखटमिठाचे पदार्थ मिळाले की तो खूश असतो. पण हेच तुम्ही सातला बोलावलंत तर तेवढंच खाणं कंजूसपणा वाटतं. फरक फक्त घड्याळाचा.

केक घरी करणार असाल तर चौकोनी टिनमध्ये करा. 20 सेंटिमीटरच्या चौकोनी केकचे 4 बाय 4 चे बरोब्बर 25 तुकडे पडतात, म्हणजे बारा जणांना दोन-दोन आणि एक तुम्हाला ओट्याशी उभं राहून खायला. तेवढ्याच व्यासाचा गोल केक दिसायला ऐटबाज पण क्षेत्रफळ पाचव्या हिश्शाहून जास्त कमी, आणि त्रिकोणी फोडी कापताना एकाला डोंगर, दुसऱ्याला कागद. सुका मेवा महाग वाटत असेल तर मनुका जास्त आणि बाकी थोडं असं प्रमाण धरा, रात्रभर संत्र्याच्या रसात किंवा कोऱ्या चहात भिजवला की मस्त फुगतो, टिनमध्ये घालण्याआधी निथळून थोड्या कोरड्या मैद्यात घोळवा म्हणजे सगळा तळाशी जाऊन बसणार नाही. आणि दोन दिवस आधीच भाजून ठेवा, ताजा फ्रूटकेक कापताना भुगा होतो, मुरलेला सरळ कापला जातो.

"येताना काही आणू का?" असं कुणी विचारलं तर "छे छे, काही नको" म्हणायची आपली खोड असते ती यंदा बंद. "हो, आण" म्हणायचं आणि काय ते नाव घेऊन सांगायचं. नुसतं "काहीतरी आण" म्हणालात तर पाच जण वेफर्स घेऊन येतील, माझ्याकडे एका वर्षी सात पाकिटं जमली होती, फेब्रुवारीपर्यंत डब्यात वेफर्स. खुर्च्या नाहीत हे सांगायलाही लाजू नका, "दोघांनी उशा आणा" असं सांगितलं की तो किस्सा होतो.

अजून एक. 25 तारखेचाच हट्ट कशाला? परंपरेने नाताळचे दिवस बारा धरतात, 6 जानेवारीला तीन ज्ञानी राजांचा सण येतो तोपर्यंत झाड ठेवतातच की कितीतरी घरांत. 28 ला बोलावलंत तर घरच्यांच्या जेवणावळी उरकलेल्या असतात, लोकांनाही निवांत असतं, आणि 25 नंतर सजावटीचं सामान, गिफ्ट पेपर यांच्या किमती बहुतेक ठिकाणी उतरतात, तेव्हाच पुढच्या वर्षीचंही घेऊन ठेवता येतं. त्या दिवशी कुणी कॅलेंडर बघत नाही.

सजावटीवर किती घालवावेत? जुन्या बल्बच्या माळा आहेत, त्या टाकून एलईडी घेतल्या तर बिल वाचेल असं मुलगी म्हणते. (माळवाली आई)

मुलीचं बरोबर आहे पण आकडे बघा. बारीक बल्बची 100 दिव्यांची जुनी माळ साधारण 40 वॅट खाते, एलईडीची पाचेक वॅट. रोज 6 तास, महिनाभर लावली तर जुनी 7 युनिटच्या आसपास, नवी 1 युनिटसुद्धा नाही. पटीत बघाल तर फरक मोठा, पण एका माळेसाठी महिन्याला सहा युनिट म्हणजे काही घर बुडत नाही. दहा माळा लावत असाल तर वेगळी गोष्ट. तेव्हा धडधाकट माळ निव्वळ बिलासाठी फेकू नका, मात्र वायरला हात लावून नीट तपासा, कुठे प्लॅस्टिक तडकलंय, तांब्याची तार दिसतेय, प्लग काळवंडलाय असं असेल तर ती माळ त्याच दिवशी भंगारात, तिथे काटकसर नाही. जुने बल्ब तापतातही, कागदाच्या सजावटीला चिकटू देऊ नका. (झाडावर विजेचे दिवे लावायची टूम 1882 ची, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या घरात 80 रंगीत दिवे लावले होते. त्याआधी लोक झाडावर पेटत्या मेणबत्त्या लावून शेजारी पाण्याची बादली ठेवायचे, त्या मानाने आपण सुखात.)

बाकी सजावटीवर शेवटी उरतील ते पैसे घालवा, आधी नाही. जुन्या मासिकांच्या पानांच्या पट्ट्या कापून साखळ्या करा, हो, या मासिकाच्या सुद्धा चालतील, संपादकांना सांगू नका. फक्त मैद्याच्या खळीने चिकटवू नका. आमच्या लहानपणी आईने एका वर्षी खळ करून दिली, आम्ही भावंडांनी रात्री जागून सगळ्या हॉलभर साखळी लावली, आणि 25 ला सकाळी त्या साखळीवरून छतापासून खालपर्यंत मुंग्यांची दुसरी साखळी चाललेली. वडील मेणबत्ती घेऊन स्टुलावर, आई खालून ओरडतेय की घर जाळाल. तेव्हापासून आमच्याकडे स्टेपलर.

संत्र्याच्या पातळ चकत्या, अर्धा सेंटिमीटरच्या, ओव्हनमध्ये 100 अंशाला दोन-तीन तास वाळवल्या की उजेडात काचेसारख्या दिसतात, मधून दोरा ओवून टांगा. मधेमधे उलटत राहा, कडा काळ्या व्हायला लागल्या की काढा.

आणि येशूजन्माचा गोठा विकत आणलेला देखणा नाही म्हणून खट्टू होऊ नका. संत फ्रान्सिसने 1223 मध्ये इटलीत ग्रेच्चो गावी जो गोठा मांडला त्यात गवताने भरलेली गव्हाणी, एक बैल आणि एक गाढव होतं. दुकानातलं काहीच नाही.

क्रेडिट कार्डावर नाताळ करून टाकला आणि पुढे मिनिमम ड्यू भरत राहिलं तर चालतं ना? (घाईत)

नाही. मिनिमम ड्यू म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरली की उरलेल्या सगळ्या रकमेवर व्याज चढतं, आणि बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे जानेवारीतलं किराणासामानसुद्धा व्याजाने. वरच्या दोन पोरांच्या बाबांना दिलेलं उत्तर वाचा, पाकिटं करा.

मी शिकायला घरापासून लांब आहे, यंदा तिकीट परवडत नाही. हॉस्टेलवर आम्ही पाच-सहा जणी राहणार, सगळ्यांचे खिसे रिकामे. घरच्यांना काहीतरी पाठवायचंय आणि इथेही नाताळ वाटला पाहिजे. (लांबची लेक)

बाळा, "माझ्याकडे पैसे नाहीत" हे तुम्ही सहाही जणी एकमेकींना सांगू शकता, हे वरच्या कुठल्याच पत्रवाल्याला जमत नव्हतं, त्यामुळे तुझं काम सगळ्यात सोपं.

हॉस्टेलवर एकच अट ठेवा, विकत आणलेलं गिफ्ट चालणार नाही. प्रत्येकीने स्वतःजवळचं काहीतरी द्यायचं, वाचून झालेलं पुस्तक, कधीच न घातलेले कानातले, नोट्सची नीट झेरॉक्स. ती "एक दिवस मी तुझे कपडे धुईन" वाली कुपनं असतात ना, ती मला फारशी आवडत नाहीत, कारण ती कुणी कधी वटवत नाही. द्यायचीच तर त्यावर तारीख आणि वेळ घाल: 3 जानेवारी, सकाळी 9, तुझी बादली माझी. मग ते खरं.

रात्री गाणी म्हणा, वाद्य काही नसलं तरी. "सायलेंट नाइट" हे गाणं 24 डिसेंबर 1818 ला ऑस्ट्रियातल्या एका लहानशा चर्चमध्ये पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हा साथीला ऑर्गनही नव्हता, एक गिटार आणि दोन आवाज.

आणि घरी ग्रीटिंग कार्ड विकत घेऊन पाठवू नकोस. नाताळचं पहिलं छापील कार्ड 1843 चं, लंडनच्या हेन्री कोल नावाच्या माणसाला सगळ्यांना पत्रं लिहायला वेळ नव्हता म्हणून त्याने चित्रकाराकडून ते करवून घेतलं, म्हणजे बघ, कामचुकारपणाच होता तो. तुझ्याकडे आत्ता वेळच आहे. आईला दोन पानं हाताने लिही, मेसमध्ये काय मिळतं, खोलीतली कोण घोरते, परीक्षेत खरंच किती पडले ते सगळं. आजच पोस्टात टाक, डिसेंबरात टपाल रेंगाळतं. आणि 25 ला व्हिडिओ कॉल करशील तेव्हा घरच्यांना फोन जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवायला सांग, आणि तासभर तसाच राहू दे. काही बोलायला पाहिजे असं नाही. तू तुझं ताट घेऊन बस.